शेवटच्या कडव्यातलं नाव

संमतीचा पहिला कागद मी इंटरनेटवरून उतरवला होता. इंग्रजीत, दोन पानी, खाली सहीची रेघ. लग्नाच्या व्हिडिओंच्या कामात आठ वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच स्वतःची फिल्म करायला घेतली होती, आणि मुलाखत घेतली की सही घ्यायची एवढं ठाऊक होतं. नागपुरात इंदोऱ्यातल्या काकूंनी न वाचता सही केली. पेन परत देताना विचारलं, "काय लिवलं हाय बाई यात?" मी म्हणाले, "तुमची मुलाखत फिल्ममध्ये वापरायला परवानगी आहे, असं." त्या कागदात खरं तर असं लिहिलं होतं की त्यांचा चेहरा, आवाज आणि त्यांनी सांगितलेली हकीकत आम्ही कोणत्याही माध्यमात, संपूर्ण विश्वात, कायमची, हवी तशी बदलून वापरू शकतो आणि नंतर त्यांना कसलीही हरकत घेता येणार नाही. हे मी स्वतः सात महिन्यांनी नीट वाचलं.

फिल्म उत्तर नागपुरातल्या गायन पार्ट्यांवर होती. बाबासाहेबांची गाणी गाणाऱ्या या पार्ट्या. पेटी, ढोलक, चार कोरसवाले, आणि समोर दुसरी पार्टी असेल तर रात्रभर दुय्यम, म्हणजे दोन पार्ट्यांचा गाण्यांचा सामना. मी धरमपेठेत वाढले. ही गाणी मी ऐकली होती ती दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांच्या स्पीकरवर, लांबून. ती लिहितं कोण, हा प्रश्न मला तिशी ओलांडेपर्यंत पडला नव्हता. काकूंचे वडील ती लिहीत. एम्प्रेस मिलमध्ये साचेवाले होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल आज नाही, त्या जागेवर मॉल आहे. २००३ साली ते गेले. मागे एक लांबट हिशेबाची वही राहिली, तिच्यात ४३ गाणी.

पहिला कच्चा कट तयार झाला तेव्हा लॅपटॉप घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांच्या वडिलांचं सगळ्यात गाजलेलं गाणं कॅसेटवरून घेतलं होतं. मुखडा, दोन कडवी, मग दीक्षाभूमीच्या गर्दीचं दृश्य, की आवाज हळूहळू खाली. मला तो कट फार आवडला होता. काकू पूर्ण पाहून झाल्यावर म्हणाल्या, "झालं?"

"हो."

"मंग बाबाचं नाव कुठं गेलं?"

मला कळेना. त्या उठल्या, आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट आणली. १९९८ सालची. कव्हरचा निळा रंग उन्हानं राखाडी झालेला, एका कोपऱ्याला सेलोटेप, त्याच्याखाली धुळीची रेघ. आत बारीक अक्षरात गायकाचं नाव, संगीत संयोजकाचं नाव, कंपनीचा पत्ता. आणि 'गीत' या शब्दापुढे : पारंपरिक.

शाहिरांची आणि भीमगीतकारांची जुनी रीत आहे की शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो तो तसाच. काकूंच्या वडिलांचंही नाव त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात होतं. कंपनीनं कव्हरवर पारंपरिक छापलं, पण गायकानं कडवं गायलं म्हणून नाव वाचलं होतं. मी ते कडवं चाळीस सेकंदांच्या हिशेबात कापलं.

"कॅसेटवाल्यानं कव्हरवरून काढलं," काकू म्हणाल्या, "आन् तू गान्यातून काढून राहिली." रागानं नाही, नुसतं सांगितलं.

सही माझ्याकडे होती. त्या कागदानुसार मी काहीच चुकीचं केलं नव्हतं. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी एडिटिंग थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एक वकील मॅडम आहेत, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात काम करतात, त्यांना फोन केला. पुढचं सव्वा वर्ष त्या फोनमधून निघालं.

सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या ऑफिसात मी सांगितलं की एक गाणं वापरायचंय. त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर चार चौकोन काढले. एक शब्दांचा, एक चालीचा, एक रेकॉर्डिंगचा, एक गाणाऱ्याचा. म्हणाल्या, "तुझ्या दृष्टीनं एक गाणं आहे. कायद्याच्या दृष्टीनं इथे चार माणसं उभी आहेत."

शब्दांचा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे २००३ साली गेलेल्या माणसाच्या गाण्यांवर २०६३ च्या अखेरपर्यंत वारसांचा हक्क. रेकॉर्डिंगचा हक्क ती कॅसेट काढणाऱ्याचा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. मी म्हणाले, "पण मॅडम, ही गाणी तर सगळ्या समाजाची आहेत." माझ्याइतकंच मनापासून हे वाक्य नंतर मला अनेकांनी ऐकवलं, त्यात मंडळांचे कार्यकर्तेही होते. मॅडमनी त्यावर मला एक हिशेब करायला लावला. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला झालं. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणावरचा कॉपीराइट २०१६ च्या अखेरीस संपला. ती पुस्तकं आता कोणीही छापावीत. पण त्यांच्यावर एका गिरणी कामगारानं पाळीवरून आल्यावर लिहिलेलं गाणं अजून त्याच्या लेकरांचं आहे. गाणं समाज गातो, आणि गात राहावं. ते विकून कोणी पैसे करणार असेल, किंवा माझ्यासारखी कोणी आपल्या फिल्मला त्याचा टेकू घेणार असेल, तर आधी त्या लेकरांच्या दारात जायला हवं. हे मला तिथे बसल्या बसल्या पटलं.

मॅडमनी मग विचारलं, कंपनीनं लिहून काही घेतलं होतं का? ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आबाजी. कॅसेटवर पेटी त्यांनीच वाजवलेली. आता ऐंशीच्या पुढे, बेझनबागेत मुलाकडे राहतात. ते म्हणाले, "कागद कायचा? तीनशे रुपये देल्ले आन् च्या पाजला." मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी देता येत नाही. तीनशे रुपयांत शब्द विकले गेले नव्हते. ते घरातच होते, पत्र्याच्या पेटीत.

आणि नाव? त्यासाठी कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. आपली कृती आपली आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड होऊन आपल्या प्रतिष्ठेला बाधा येत असेल तर ती अडवण्याचा हक्क. हक्क विकले तरी हा कवीकडेच राहतो, आणि त्याच्या मागे वारसांना तो बजावता येतो. माझा कट कोर्टात मोडतोड ठरला असता का, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काकूंनी विचारलेल्या प्रश्नाला कायद्यात नंबर आहे, एवढं मला पुरे होतं.

वारस तिघं होते. काकू इंदोऱ्यात, एक भाऊ भिलाईला, धाकटी बहीण पुण्यात. मॅडमनी तिघांच्याही सह्या आणायला सांगितल्या. भिलाईच्या मामांशी काकूंचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. मी पहाटेच्या गाडीनं गेले. तीन तास त्यांनी मला बाबांच्या गोष्टी सांगितल्या आणि सही करायच्या आधी एकच अट घातली : नाव मोठ्या अक्षरात पाहिजे, गायकाच्या नावाएवढं. ती अट आम्ही करारात लिहिली.

संमतीचा कागदही नव्यानं लिहिला. मराठीत, एक पान, मोठा टाइप. फिल्म कुठे कुठे दाखवणार, पैसे मिळाले तर काय, कोणता भाग वापरणार, आणि फिल्म पक्की होईपर्यंत कोणालाही आपला भाग काढून घ्यायला सांगता येईल, असं. जुन्या कागदातला 'संपूर्ण विश्वात' हा शब्द मी काकूंना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "विश्वात म्हंजे कुठं कुठं?" उत्तर मला देता आलं नाही. नव्या कागदात आम्ही ठिकाणं लिहिली. तो प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवला आणि वाचन रेकॉर्ड केलं. एकोणीस माणसांकडे पुन्हा जावं लागलं. सतरा जणांनी सह्या केल्या.

एकाचा पत्ताच बदलला होता, त्यांचा एक वाक्याचा भाग काढला. दुसरी एक तरुण गायिका. शूटिंगच्या वेळी कॉलेजात होती, आता लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तिच्या मुलाखतीत घरातल्या विरोधाबद्दल, रात्रीच्या कार्यक्रमांतल्या त्रासाबद्दल असं काही होतं की जे दुसऱ्या कोणीच बोललं नव्हतं. फोनवर तिनं हळू आवाजात सांगितलं, "ताई, माझं राहू द्या." माझा कॅमेरावाला मित्र म्हणाला, "तिची जुनी सही आहे आपल्याजवळ." होती. दोन रात्री मी ती तीन मिनिटं पुन्हा पुन्हा पाहिली. चेहरा झाकून वापरावं असंही वाटून गेलं, पण त्या वस्तीत आवाजावरून तिला कोणीही ओळखलं असतं. तिसऱ्या दिवशी काढून टाकलं, आणि तिला तसा मेसेज करून ड्राइव्हवरूनही पुसलं. फिल्म त्या जागी अजूनही लंगडते. लंगडू दे.

शब्दांचा प्रश्न सुटला तसा रेकॉर्डिंगचा उभा राहिला. कंपनीच्या पत्त्यावर आता मोबाइलच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. मालक वारलेले, कुटुंब शहर सोडून गेलेलं. हक्कदार सापडतच नसेल तर कलम ३१अ खाली परवाना मागता येतो, पण त्याआधी देशाच्या बऱ्याच भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते, मग पुढची प्रक्रिया. आमच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं. म्हणून ठरवलं, गाणं नव्यानं गाऊन घेऊ. काकू गातातच.

तर चाल. मी मॅडमना गाणं ऐकवलं आणि दहाव्या सेकंदाला त्यांनी हात वर केला. ती एका हिंदी सिनेमातल्या गाण्याची चाल होती. मी इतक्यांदा ऐकून मला ते जाणवलं नव्हतं असं नाही. भीमगीतांत सिनेमाच्या चाली सर्रास असतात आणि लोक त्या हौसेनं गातात. पण फिल्ममध्ये ती चाल घालायची तर ज्यांच्याकडे तिचे हक्क आहेत त्यांची परवानगी लागते. कार्यक्रमात गाणं वाजवण्याचा परवाना वेगळा आणि फिल्मच्या चित्रावर बसवण्याचा वेगळा. चौकशी केली. आलेला आकडा आमच्या सगळ्या खर्चाच्या दुप्पट होता.

ही बातमी घेऊन मी आबाजींकडे गेले, काकूही होत्या. आबाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही चाल त्याची नव्हतीच ना. कॅसेटवाल्यानं बदलवली. सिनेमाच्या चालीवर बसवा म्हने, तं खपते."

काकू एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बाबा घरी येगळंच म्हनत."

आबाजींनी पेटी मागवली. भाता फाटला होता, एका बाजूनं हवा सुटायची, ती बोटानं दाबून धरायला नातवाला बसवलं. त्यांनी काळी चारचा सूर धरला. काकूंनी डोळे मिटले, मुखड्याचे पहिले दोन शब्द कॅसेटच्याच चालीत आले, थांबल्या, मान हलवली. पुन्हा सुरू केलं. चौथ्या वेळी वेगळंच काहीतरी आलं. खूप संथ, जवळजवळ दळताना म्हणावं तसं, ओळीच्या शेवटी एक छोटं वळण. आबाजींचा हात त्या वळणावर काकूंच्या आधी पोहोचला. वीस-बावीस वर्षं कोणी न गायलेली चाल दोन माणसांच्या आठवणीत अर्धी अर्धी पडून होती.

मधली कडवी मात्र जुळली नाहीत. तीन रविवार प्रयत्न केला. फक्त मुखडा आणि शेवटचं, नावाचं कडवं सापडलं. कोणी सुचवलं की मधली कडवी त्याच अंदाजानं बसवून घ्या, कोणाला कळणार आहे. काकू नाही म्हणाल्या आणि मलाही ते नको होतं. ती चाल त्यांच्या वडिलांची म्हणून आम्ही लोकांपुढे ठेवणार होतो. फिल्ममध्ये म्हणून मुखडा आहे, मग सरळ नावाचं कडवं. मध्ये पेटी.

बाकीचं थोडक्यात सांगते, कारण लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या माझ्या बरोबरीच्या पोरापोरींना उपयोगी पडेल. दीक्षाभूमीचा स्तूप, चौकातला पुतळा, भिंतीवरचं चित्र फ्रेममध्ये आलं तर कायदा अडवत नाही. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाला, वास्तूला, किंवा मागे सहज आलेल्या चित्राला फिल्ममध्ये घ्यायची सूट आहे. ती सूट गाण्याला नाही. मिरवणुकीत कोणाच्या स्पीकरवर वाजणारं गाणं तुमच्या माइकमध्ये आलं, तर ते सहज आलं म्हणून चालत नाही. माझा सगळ्यात देखणा शॉट, संध्याकाळची निळ्या छत्र्यांची रांग, त्यावर मागे पूर्ण वेळ एक गाजलेलं गाणं होतं. आवाज काढावा लागला. त्याच संध्याकाळी पुस्तकांच्या स्टॉलच्या गल्लीत घेतलेला आवाज तिथे बसवला, तर त्यात हरवलेल्या मुलीची घोषणा होती. तिचं नाव, वडिलांचं नाव, गाव. तीही काढली.

आबाजींनी मुलाखतीत कॅसेट कंपनीच्या मालकाचं नाव घेऊन "आमचा पैसा खाल्ला" असं म्हटलं होतं. मला ते पूर्ण खरं वाटतं. पण मॅडमनी विचारलं, सिद्ध काय करशील? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानी आहे, आणि माणूस मेला म्हणून तो प्रश्न मिटत नाही. घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं मेलेल्याची बदनामी केली तरी ती त्यात बसते. शिवाय त्या माणसाची बाजू सांगायला आता कोणी नव्हतं. आबाजींना विचारून नाव गाळलं. तीनशे रुपये आणि चहा ठेवला, कारण ते त्यांच्या स्वतःच्या हातावर पडलेलं होतं आणि तेवढं ते डोळ्यात डोळा घालून सांगू शकत होते.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र माहितीपटालाही लागतं, सभागृहात लोकांना जमवून दाखवायचा तर लागतंच. नागपुरात बोर्डाचं कार्यालय नाही. अर्ज ऑनलाइन, आमचा मुंबईकडे गेला. 'यू' मिळालं, एकही काट नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते प्रमाणपत्र कायमचं असतं, आधी दहा वर्षांचं असे.

पहिला खेळ इंदोऱ्यातच केला, विहाराजवळच्या सभागृहात. भिलाईचे मामा आले होते. श्रेयनामावलीत नाव आलं, गायकाच्या नावाएवढं, आणि त्यांनी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. काकू त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. मधल्या खुर्च्यांवर पिशव्या होत्या.

यूट्यूबवर मात्र ती जुनी कॅसेट कुणीतरी चढवलेली आहे आणि तिथे खाली अजूनही पारंपरिकच लिहिलेलं आहे. चॅनेलला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. मॅडमनी काकूंना वहीची नोंदणी करून ठेवायला सांगितलं. नोंदणीशिवायही हक्क असतोच, पण भांडायची वेळ आली तर पुरावा हाताशी राहतो. आम्ही ४३ गाण्यांची पानं स्कॅन केली; काही ठिकाणी गाण्याच्या शेजारी मिलच्या हजेरीचे आणि रॉकेलचे हिशेब आहेत, तेही तसेच ठेवले. फॉर्म चौदा, अख्खी वही एकच साहित्यकृती म्हणून, फी ५०० रुपये, सोबत वारस असल्याचे कागद. लेखकाचं नाव या रकान्यात काकूंनी वडिलांचं नाव स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर शोधत.

अर्ज गेला की डायरी नंबर येतो आणि कोणी हरकत घेते का याची ३० दिवस वाट पाहावी लागते. नंबर आला तेव्हा काकूंनी मला तो मोठ्यानं दोनदा वाचायला लावला. मग वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि निळ्या पेननं तिथे लिहून घेतला, खाली तारीख टाकली.